अकरा वेळा उचललेला प्रवासी

मुळशी धरणाच्या काठावरच्या गावातून लोहगावच्या विमानतळाला निघालात, तर आधी वळणावळणाचा रस्ता, मग पौड, पिरंगुटचे कारखाने, भूगावची गर्दी, चांदणी चौक आणि त्यापुढे अख्खं पुणे ओलांडावं लागतं. चालत्या-फिरत्या माणसाला हा प्रवास फार तर कंटाळवाणा वाटेल. पण ज्याच्या मणक्याला इजा झाली आहे, ज्याला कमरेखाली हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही, तो या प्रवासाचा हिशेब किलोमीटरमध्ये करत नाही. आज आपल्याला किती वेळा उचललं जाणार, हे तो मोजतो.

आपणही मोजून पाहू. सकाळी खाटेवरून स्वतःच्या व्हीलचेअरमध्ये, ही पहिली खेप. व्हीलचेअरमधून गाडीच्या सीटवर, दुसरी. विमानतळावर गाडीतून पुन्हा व्हीलचेअरमध्ये, तिसरी. काउंटरवर त्याची व्हीलचेअर सामानात जमा होते आणि त्याला विमानतळाच्या खुर्चीत बसवतात, चौथी. विमानाच्या दारात ती खुर्चीही थांबते, कारण आतल्या वाटेत ती मावत नाही. तिथे जेमतेम माणसाच्या रुंदीची, पट्ट्यांनी बांधून घ्यायची एक खुर्ची येते, पाचवी. आणि त्या खुर्चीतून विमानातल्या जागेवर, सहावी. उतरल्यावर हाच क्रम उलटा: अरुंद खुर्ची, विमानतळाची खुर्ची, स्वतःची खुर्ची, गाडी आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा स्वतःची खुर्ची. आणखी पाच. एका बाजूच्या प्रवासात एकूण अकरा.

यातली सहावी खेप जवळून पाहण्यासारखी आहे. एक मदतनीस मागे उभा राहतो, प्रवाशाच्या काखांतून हात घालून त्याचे हात छातीशी घट्ट धरतो. दुसरा वाकून गुडघ्यांखाली हात घालतो. मागच्याला उभं राहायला धड जागा नसते, कारण पाठीमागे सीटची रांग असते. ‘एक, दोन, तीन’ म्हणत दोघं उचलतात आणि वाटेकडचा आर्मरेस्ट वर होत नसेल, तर त्याच्यावरून माणूस पलीकडे न्यावा लागतो. खांदा ओढला गेला तर निदान दुखतो तरी. पण मांडीची किंवा बैठकीची कातडी आर्मरेस्टच्या कडेला घासली, तर त्या माणसाला काहीच कळत नाही, कारण तिथली संवेदना गेलेली असते. जखम रात्री कपडे बदलताना दिसते. ती चिघळून बेडसोअर झाला, की आठवडेच्या आठवडे पालथं पडून काढावे लागतात. काही सेकंदांच्या त्या उचलण्याची किंमत एवढी असू शकते.

म्हणून जगभरचे व्हीलचेअर वापरणारे एक साधा प्रश्न विचारत आले आहेत. बसमध्ये आणि मेट्रोमध्ये आम्ही आमच्या खुर्चीसकट चढतो, तर विमानात का नाही?

खुर्ची पोटात जाते तेव्हा

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचं नाव ‘चाकाची खुर्ची’ आहे. व्हीलचेअरला मराठीत याहून नेमकं नाव नाही, आणि ती वापरणाऱ्याच्या आयुष्यात तिची जागा कोणती हेही त्या दोन शब्दांत येतं. खुर्चीची रुंदी, पाठीचा कोन, पावलं ठेवण्याच्या पट्टीची उंची, बैठकीची गादी हे सगळं एका विशिष्ट शरीरासाठी जुळवलेलं असतं. विजेवर चालणाऱ्या खुर्चीत त्यात मोटर, बॅटरी आणि बोटांनी हलवायची जॉयस्टिक यांची भर पडते. अशी खुर्ची सहज शंभर किलोंच्या वर जाते.

विमानात ही खुर्ची सामानाच्या कप्प्यात जाते. बोइंग ७३७ च्या त्या कप्प्याचं दार जेमतेम ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असतं. विजेवरची खुर्ची उभी आत जात नाही. मग तिची पाठ दुमडावी लागते, कधी ती आडवीही करावी लागते. हे काम करणाऱ्या कामगाराला त्या विशिष्ट खुर्चीची माहिती असण्याचं कारण नसतं आणि विमान सुटायला मोजकी मिनिटं उरलेली असतात. अमेरिकेत विमान कंपन्यांना अशा नुकसानीची नोंद सरकारला द्यावी लागते. तिथे २०२३ या एका वर्षात मोडलेल्या, हरवलेल्या किंवा उशिरा मिळालेल्या व्हीलचेअर आणि स्कूटर यांची संख्या ११ हजारांच्या वर होती. परगावी उतरल्यावर बॅग मिळाली नाही तर माणूस चिडतो. खुर्ची मोडून आली, तर तो उतरल्या जागी अडकतो.

१६ पट वजन

मग खुर्ची वर केबिनमध्ये का घेत नाहीत? याचं उत्तर विमानातल्या साध्या सीटमध्ये आहे. आपल्याला ती रेक्झिन आणि फोमची दिसते, पण ती अपघात सोसण्यासाठी बनवलेली असते. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने १९८८ मध्ये केलेल्या नियमानुसार सीटची चाचणी अशी होते. रुळावरच्या गाड्यावर सीट बसवतात, तिच्यात ७७ किलोंचा पुतळा बांधतात आणि ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगातून गाडा इतक्या झटक्यात थांबवल्याचा परिणाम साधतात, की सीटवर गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट जोर येतो. हा जोर ०.०९ सेकंदाच्या आत शिगेला पोचावा लागतो. शिवाय सीटचे पाय ज्या पट्ट्यांवर असतात त्या आधीच मुद्दाम पिळून ठेवतात, कारण खऱ्या अपघातात जमीन सपाट राहत नाही. दुसरी चाचणी विमान खाली आदळण्याची, तिच्यात १४ पट जोर. दोन्हींत सीट जागेवरून उखडता कामा नये. पुतळ्याचं डोकं कुठे आपटलंच, तर मेंदूला होणाऱ्या इजेचा अंदाज ठरलेल्या मर्यादेत राहावा लागतो. सीटच्या गादीने पटकन पेट घ्यायचा नाही, ही आणखी एक अट.

आता या तराजूत व्हीलचेअर ठेवू. १३० किलोंची विजेवरची खुर्ची आणि तिच्यात ७० किलोंचा माणूस, मिळून २०० किलो. सोळाने गुणलं की ३,२०० किलो, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास. तेवढा जोर त्या क्षणी खुर्चीला पुढे ओढणार. खुर्चीचा ब्रेक इथे काहीच कामाचा नाही. तो टायरवर दाबला जातो, चाक फिरू देत नाही एवढंच. न फिरणारं चाकही घसरतं. आणि हवेच्या खळग्यात विमान एकदम खाली गेलं, तर न बांधलेली खुर्ची जमीन सोडून वर उठेल. तेव्हा ती जखडून ठेवणं हा सोयीपुरता प्रश्न राहत नाही. त्या खुर्चीतल्या माणसाचा आणि आजूबाजूच्या प्रवाशांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

सव्वातीन टन ऐकून छाती दडपते. पण त्याच मापाने शेजारची तीन जणांची सीट मोजली, तर चित्र बदलतं. ७७ किलोंचे तीन प्रवासी म्हणजे २३१ किलो, वर सीटचं स्वतःचं वजन. तीही याच कसोटीला उतरते. तिचे पाय विमानाच्या जमिनीत लांबवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांत अडकवलेले असतात. जमिनीवरचे पातळ फलक फक्त चालण्याचा भार घेतात. खरा भार या पट्ट्या खालच्या तुळयांना देतात. पट्टीला एकेका इंचावर भोकं असतात, म्हणून सीट पुढे-मागे सरकवून रांगांमधलं अंतर बदलता येतं. हीच पट्टी व्हीलचेअरचाही आधार होऊ शकते. चाकांचा भार चार ठिपक्यांवर येतो, खुर्चीचा गुरुत्वमध्य सीटपेक्षा वेगळ्या उंचीवर असतो, म्हणून मध्ये भार पसरवणारी एक मजबूत चौकट लागेल. पण जमिनीखालचा सांगाडा एवढा जोर पेलू शकेल, असं या हिशेबावरून दिसतं.

पौड रस्त्यावरची टेकडी

मुळशीहून कोथरूडला येताना पौड रस्त्याच्या बाजूला जी टेकडी दिसते, तिला पुणेकर एआरएआयची टेकडी म्हणतात. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था तिथे आहे. देशातल्या वाहनांच्या सीट, सीटबेल्ट, बसची बांधणी यांची मानकं ठरवण्याच्या कामात या संस्थेचा मोठा वाटा आहे. ‘एआयएस’ या मालिकेतली मानकं इथूनच प्रसिद्ध होतात, बसच्या बॉडीचा कोडही त्यांतलाच. केंद्र सरकारने २०१९ च्या अखेरीस मोटार वाहन नियमांत बदल करून बसमध्ये व्हीलचेअर चढवण्याची, ठेवण्याची आणि जागेवर पक्की करण्याची व्यवस्था असावी, अशी तरतूद केली. म्हणजे खुर्ची वाहनात कशी जखडायची, या प्रश्नाचा रस्त्यावरचा अर्धा भाग आपल्याकडे नियमात आलेला आहे.

रस्त्यावर खुर्ची बांधण्याची जगभर रुळलेली पद्धत चार बिंदूंची आहे. पुढे दोन, मागे दोन अशा चार पट्ट्या वाहनाच्या जमिनीतून येतात आणि त्यांचे हुक खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला अडकतात. चाकाला, हाताच्या दांडीला किंवा पाय ठेवण्याच्या पट्टीला हुक लावायचा नाही, कारण हे भाग झटक्यात निखळतात. माणसाचा पट्टा वेगळा. तो पोटावर चढता कामा नये, खाली, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. आर्मरेस्टवरून गेला, तर पट्टा आणि शरीर यांच्यात फट राहते आणि नेमक्या क्षणी माणूस त्या फटीतून पुढे सरकतो. दुसऱ्या एका पद्धतीत खुर्चीच्या तळाला एक खुंटी असते. खुर्ची जागेवर नेली की खुंटी जमिनीतल्या खाचेत खट्‌कन बसते, आणि वापरणाऱ्याला कुणाच्या मदतीशिवाय स्वतःला पक्कं करता येतं.

अमेरिकेत वाहनात बसूनच वापरायच्या व्हीलचेअरसाठी ‘डब्ल्यूसी१९’ नावाचं मानक आहे. त्यात खुर्चीवर हुक लावायच्या चार जागा ठरलेल्या आणि खुणेने दाखवलेल्या असतात. त्या खुर्चीची धडक-चाचणी होते ताशी ४८ किलोमीटर वेगाची आणि २० पट जोराची.

विमानाच्या सीटच्या चाचणीचा वेग हाच होता. रस्त्यासाठी तपासलेली खुर्ची त्याच वेगातून, उलट थोड्या अधिक जोराच्या झटक्यातून आधीच पार पडलेली असते. पुढच्या धडकेपुरतं पाहिलं, तर ती विमानाच्या उंबरठ्यापर्यंत पोचली आहे. उरतात त्या चाचण्या वेगळ्या: खाली आदळण्याची, पिळलेल्या जमिनीवरची, आगीची, बॅटरीची. त्या घेता येतात. कुणीतरी त्या ठरवून, लिहून, घेतल्या पाहिजेत.

दारातून आत, पण वाटेत अडते

जागेचा प्रश्नही मोजून पाहू. प्रौढ माणसाची व्हीलचेअर साधारण ६० ते ६६ सेंटिमीटर रुंद असते. एअरबस ए३२० चं पुढचं दार ८० सेंटिमीटरच्या वर रुंद आहे, म्हणजे खुर्ची विमानात शिरते. पण सीटांच्या मधली वाट नियमानुसार खालच्या भागात ३८ सेंटिमीटर एवढी कमी असली तरी चालते, आणि प्रत्यक्षातही अर्ध्या मीटरच्या आसपासच असते. म्हणून खुर्चीची जागा दाराजवळच, पहिल्या रांगेत हवी. तिथे आणखी एक फायदा आहे. ९० सेकंदांत, निम्मी दारं बंद धरून, विमान रिकामं करता आलं पाहिजे, हा नियम आहे. खुर्ची एका कडेला पक्की राहिली, तर बाहेर पडणाऱ्यांच्या वाटेत ती येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या एका समितीने हा सगळा प्रश्न तपासून २०२१ मध्ये अहवाल दिला. दाराजवळच्या, एका बाजूच्या दोन सलग रांगा काढल्या, तर बहुतेक प्रवासी विमानांत खुर्चीला जागा मिळू शकते, आणि तंत्राच्या बाजूने अशक्य ठरवावी अशी कोणतीही अडचण प्राथमिक तपासात दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. खुर्चीच्या आणि जमिनीच्या चाचण्यांचं पुढचं संशोधन व्हावं, हेही त्यांनी सांगितलं. ‘ऑल व्हील्स अप’ ही संस्था त्याआधीपासून व्हीलचेअरच्या धडक-चाचण्या करून हेच मांडत होती.

रांगा काढल्या की तिकिटं कमी होतात, आणि विमान कंपन्यांची खरी अडचण इथे आहे. त्यावरचा एक तोडगा ‘एअर फोर ऑल’ या नावाने पुढे आला. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीच्या एका उपकंपनीने त्याचा नमुना २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात ठेवला. त्यात पहिल्या रांगेतली सीट नेहमीसारखीच असते. व्हीलचेअरवाला प्रवासी आला, की सीटची बैठक वर दुमडते आणि तिथे खुर्ची येऊन पक्की होते. तो नसेल त्या दिवशी तीच जागा दुसऱ्याला विकता येते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या विमान वाहतूक कायद्यात केबिनमध्ये व्हीलचेअर जखडण्याची शक्यता तपासण्याचं काम सरकारवर सोपवलेलं आहे. अजून कोणत्याही नियमित प्रवासी विमानात माणूस आपल्या व्हीलचेअरमध्ये बसून उडत नाही. पण ‘होईल का’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणत्या कसोटीवर’ हा प्रश्न पुढे आला आहे.

आपला कायदा काय म्हणतो

जीजा घोष १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. स्पाइसजेटच्या विमानात जागेवर बसल्यावर त्यांना उतरवण्यात आलं. परिषद भरवणाऱ्या मुंबईच्या ‘अडॅप्ट’ या संस्थेसह त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मे २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी दिव्यांग हक्क कायदा झाला. बस, रेल्वे आणि विमान ही तिन्ही साधनं वापरण्याजोगी करणं त्याच्या ४१ व्या कलमाने सरकारचं काम ठरवलं. रांचीच्या विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात घेण्याचं नाकारल्याबद्दल २०२२ मध्ये इंडिगोला ५ लाखांचा दंड झाला. त्यानंतर आपल्या विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएने, नियम बदलला: प्रवाशाची तब्येत उड्डाणात बिघडेल असं वाटलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमान कंपनीला परस्पर निर्णय घेता येत नाही.

मुंबईची घटना आणखी जवळची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या एका वृद्ध जोडप्याला विमानतळावर एकच व्हीलचेअर मिळाली. पत्नी खुर्चीत बसली, ८० वर्षांचे पती चालत निघाले, कोसळले आणि दगावले. एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. आपल्या घरांतून अमेरिकेला मुलांकडे जाणारे आजी-आजोबा आठवले, की हा दंड निव्वळ आकडा राहत नाही.

मात्र आपले हे सगळे नियम माणसाला विमानापर्यंत नीट नेण्याबद्दल आहेत. त्याची खुर्ची आत घेण्याबद्दल ते काहीच बोलत नाहीत.

तोवर काय करायचं

आज प्रवास करायचा असेल, तर काही गोष्टी हाताशी असाव्यात. मदतीची मागणी ४८ तास आधी नोंदवावी आणि गरज नेमकी सांगावी. विमान कंपन्यांच्या भाषेत तीन कोड आहेत. शेवटचं अक्षर ‘आर’ असेल, तर प्रवासी जिना चढू शकतो, फक्त लांब चालू शकत नाही. ‘एस’ म्हणजे जिनाही चढता येत नाही. ‘सी’ म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. मणक्याची इजा झालेल्याला ‘सी’च लागतो. चुकून ‘आर’ नोंदला गेला, तर दारातली अरुंद खुर्ची आणि जिन्याऐवजी लागणारी लिफ्टची गाडी वेळेवर येत नाही. वर होणाऱ्या आर्मरेस्टची जागा मागावी. खुर्ची काउंटरवर न देता विमानाच्या दारापर्यंत न्यायला मिळते का, हे विचारावं. मिळालं तर एक उचलणं तिथेच वाचतं. गादी आणि जॉयस्टिकसारखे सुटे होणारे भाग केबिनमध्ये बरोबर घ्यावेत. गादी विमानाच्या सीटवर घालून बसलं, तर कातडी वाचते. लिथियम बॅटरी काढता येणारी असेल, तर ती केबिनमध्येच न्यावी लागते आणि तिला ३०० वॉट-तासांची मर्यादा आहे, म्हणून बॅटरीवरचा आकडा आधीच पाहावा. खुर्ची कशी दुमडायची, कुठे धरायचं नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून खुर्चीलाच बांधावं.

आणि उचलणाऱ्याला सूचना देण्याचा हक्क उचलल्या जाणाऱ्याचा आहे. ‘काखेत धरू नका, मनगट धरा’ हे तो सांगेल, तसंच करावं.

खडकीवरून जाताना

लोहगावकडे जाताना वाटेत खडकी लागते. तिथे १९७४ पासून सैनिकांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याच्या इजेने पाय गेलेले जवान तिथे राहतात, काम शिकतात, खेळतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. अपंगत्व आलेला माणूस किती दूर जाऊ शकतो, हे आपल्याला पन्नास वर्षांपूर्वीच ठाऊक झालं आहे.

पुण्यात टेकडीवर वाहनांची मानकं घडतात. खडकीत व्हीलचेअरसह जगण्याचा रोजचा अनुभव आहे. लोहगावला जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल चालू आहे. मला वाटतं, आपल्याकडे सुरुवात आकाशातून करण्याची गरज नाही, ती रस्त्यावरून करावी. आपल्या बाजारातल्या बहुतेक व्हीलचेअरवर हुक कुठे लावायचा याची खूणच नसते. प्रत्येक नव्या खुर्चीवर चार पक्के बिंदू आणि धडक-चाचणी सक्तीची झाली, तर तीच खुर्ची आज बसमध्ये, गावाकडच्या रॅम्पच्या गाडीत सुरक्षित राहील आणि उद्या विमानाची जागा तयार झाली की तिथेही चालेल. विमान बदलायला वर्षं लागतील. खुर्ची बदलायला तेवढी लागू नयेत.

पुन्हा मोजू. विमानात खुर्ची घेता आली, की अकरातले सहा उचलण्याचे प्रसंग जातात: जाताना तीन, उतरताना तीन. उरतात पाच. घरापासून विमानतळापर्यंत आणि पलीकडेही रॅम्प आणि हुक असलेली गाडी मिळाली, की आणखी चार जातात. उरतो एक. सकाळी मुळशीच्या घरात, आपल्या माणसांच्या हातांनी, खाटेवरून खुर्चीत.